जांभळ्या पट्ट्यातली घरं

आमच्या बोळात ट्रक शिरला की सगळ्यात आधी मांडणीवरची भांडी वाजायची. पातेली एकमेकींना लागून किणकिणायला लागली की मी गॅस बारीक करून दाराशी जायची. आत वळायला जागा नव्हती, म्हणून मोठ्या रस्त्यावरून ट्रक पाठीमागं घेतच आणायचे. क्लीनर मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडायचा आणि दोन्ही बाजूंच्या दारांत बायका आपापली लेकरं नि सायकली आत ओढून घ्यायच्या.

बोळाच्या टोकाला एक जुनी तेलाची गिरणी होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या शेडमध्ये एका व्यापाऱ्यानं सिमेंटची गोदामं केली होती. सोलापूरच्या पूर्वेच्या अंगाला अशा बंद पडलेल्या जागा पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कंपाउंडला टेकून वाढलेली आमच्यासारखी घरंही पुष्कळ आहेत. दोरीवर टाकलेले कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचे. आमच्या ह्यांना दमा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ते घरीच असायचे, आणि ते घरी म्हणून खिडक्या दिवसभर बंद असायच्या. तरी आम्ही चालवून घेत होतो. कुणाकडं जाऊन काय म्हणायचं, हेच कळत नव्हतं.

आमच्या समोरच्या घरात अण्णा आणि वहिनी राहायचे. विणकर माणसं. घरात तेलुगू, बोळात मराठी. घराला लागूनच्या शेडमध्ये त्यांचे चार माग होते, त्यावर टॉवेल निघायचे. वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण आमचं एकमेकींशिवाय चालायचं नाही. निवृत्त होईपर्यंत मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेणारी. आम्ही दोघं नोकरीवर जायचो तेव्हा माझ्या घराची किल्ली वहिनींकडं असायची.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळचे साडेनऊ झाले असतील. वहिनी आपल्या अंगणातून कंपाउंडच्या भिंतीवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालत होत्या. मी आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. ट्रक मागं येत होता. क्लीनर नवीन होता बहुतेक, तो भलत्याच बाजूला उभा होता. मला ट्रकचं मागचं फळकूट भिंतीला टेकताना दिसलं. आवाजसुद्धा फार झाला नाही. भिंत आधी थोडी वाकली आणि मग एकदम आतल्या बाजूला बसली.

मी ओरडले, पण ट्रकच्या आवाजात काही ऐकू जाईना. तेवढ्यात गोदामाकडून हमालांचा मुकादम पळत आला आणि दोन्ही हातांनी ट्रकचा पत्रा बडवायला लागला. "थांबीव! अय, थांबीव गाडी! बाई हाय खाली!" ट्रक थांबला. मुकादम आणि त्याचे दोन हमाल विटा बाजूला फेकायला लागले. वहिनी शुद्धीवर होत्या. त्या रडत नव्हत्या, फक्त "अम्मा, अम्मा" एवढंच म्हणत होत्या.

मी अण्णांना बोलवायला आत पळाले. शेडमध्ये चारही माग चालू होते आणि अण्णा दाराकडं पाठ करून तुटलेला धागा जोडत होते. दहा पावलांवर बायको भिंतीखाली होती आणि त्या खडखडाटात त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. माग थांबले तसे ते रागानं वळले. माझं तोंड बघितलं आणि तसेच बाहेर धावले.

मुकादमानं वहिनींना उचलून रिक्षात घातलं. त्याच्या सिमेंट लागलेल्या हातांचे ठसे वहिनींच्या हिरव्या पातळावर उठले होते. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

त्या दिवशी बोळातल्या तरण्या मंडळींनी ट्रकची काच फोडली. पोलीस आले, ड्रायव्हरला घेऊन गेले. दोन दिवस बोळ शांत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पातेली पुन्हा वाजली.

रविवारी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये बैठक झाली. विहार आमच्या समाजाचा, पण बोळात दुसरा हॉलच नव्हता, म्हणून सगळे तिथंच जमायचे. कुणी म्हणालं रस्ता रोको करू, कुणी म्हणालं आमदाराकडं जाऊ. मागच्या बाकावर बसलेले शाळेचे एक मास्तर उभे राहिले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. शहराचा नवा विकास आराखडा महापालिकेनं प्रसिद्ध केला होता आणि महिनाभरात नागरिकांच्या हरकती नि सूचना मागवल्या होत्या.

"ती गिरणीची जागा आराखड्यात औद्योगिक म्हणून आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तिथं गोदामं चालतात. ती रहिवासी करा अशी सूचना आपण द्यायची. जागेचा झोन बदलला की गोदामं बायपासकडं जातील. गोदामं गेली की ट्रक गेले."

हे सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी म्हणालं, "नकाशातलं आपल्यात कळतं कुणाला? ताईंना." आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कालवे आणि दुसऱ्यांच्या चाऱ्या उतरवून काढल्या होत्या. आपल्या बोळासाठी काहीतरी करायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेत नगररचना विभागात गेले. आराखड्याचे मोठे मोठे कागद भिंतीवर लावले होते. असे नकाशे वाचायला मला वेळ लागत नाही. रहिवासी भाग पिवळा, शाळा-दवाखान्यांच्या जागांना वेगळा रंग, कारखान्यांचा भाग जांभळा. मी मोठा रस्ता धरला, ओढ्याची रेघ धरली, विहाराजवळचा चौक सापडला आणि तिथून बोट आमच्या बोळात आणलं.

बोट जांभळ्यातच राहिलं.

मी चष्मा पुसला. ओढ्यापासून परत सुरुवात केली. परत तेच. जांभळा पट्टा गिरणीच्या कंपाउंडपाशी संपत नव्हता. तो पुढं येऊन आमच्या बोळाच्या दोन्ही बाजू गिळून मोठ्या रस्त्याला टेकला होता. आमची चाळीसभर घरं त्या नकाशावर नव्हतीच. होती ती नुसती गिरणीची जागा.

काउंटरवरच्या कारकुनाला मी विचारलं. तो भला माणूस होता, आवाज खाली करून बोलला. "मॅडम, तुमच्यासारख्या शंभर वसाहती आहेत. गिरणीवाल्यानं कडेची जमीन कधीतरी स्टँपपेपरवर तुकडे पाडून विकलेली असते. जमीन औद्योगिकच राहते. तुम्ही सूचना द्या, जरूर द्या. पण सुनावणीला समोरचा वकील पहिला प्रश्न हाच करेल, की गोदाम कायद्यानं जागेवर आहे, ही घरं कशी आहेत? आणि तो प्रश्न एकदा कागदावर आला, की त्याचं उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

"म्हणजे घरं पाडतील?"

"तसं मी म्हणत नाही," तो म्हणाला. त्यानं समोरची फाईल ओढून घेतली.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते दचकतील. ते खिडकीशी बसले होते, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "गप बस. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही."

त्यांच्या आवाजावरून मला कळलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"जागा घेताना गिरणीवाला म्हणाला होता, आज कारखान्याची आहे, पुढंमागं रहिवासी होईल. सगळ्यांनाच तसं म्हणाला होता."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिली नसतीस. मग आपण अजून भाड्याच्या खोलीत असतो."

मला इतका राग आला की मी उठून मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. पण रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ते मला तेव्हाही टोचत होतं. मी नकाशांच्या खात्यात नोकरीला होते. एक दिवस अर्धी रजा काढून आपल्या घराचा नकाशा बघणं मला जड नव्हतं. मी कधी बघितला नाही. दिसेल ते आवडणार नाही, अशी शंका मला आधीपासूनच होती की काय, कुणास ठाऊक.

पुढचे चार दिवस मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी काहीच बोलले नाही. मास्तर अर्ज घेऊन घरोघर फिरत होते, लोक सह्या करत होते आणि मी त्यांच्याबरोबर फिरत होते. "इथं सही करा, इथं पूर्ण नाव लिहा," असं सांगत होते. एका सकाळी ह्यांनी नि मी टेप घेऊन बोळाची रुंदी मोजली. हे एका भिंतीशी टेपचं टोक धरायचे, मी दुसऱ्या. आम्ही एकमेकांशी फक्त आकडे बोलत होतो. वहिनींच्या पडलेल्या भिंतीपाशी बोळ सगळ्यात अरुंद भरला. मी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला, त्यात प्रत्येक घराचं दार दाखवलं आणि ट्रक मागं घेताना चाकं कुठून जातात तेही आखलं. नकाशा सुरेख झाला होता. घरांना रंग मात्र मी दिला नाही.

चौथ्या दिवशी अर्ज घेऊन मी वहिनींकडं गेले. पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. अण्णा मागावर होते, भिंतीपलीकडून खडखड येत होती. वहिनींनी अर्ज हातात घेतला, पण त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा. त्यांनी पेन उचललं आणि सहज विचारलं, "ताई, करू की सही? तुम्ही म्हणता तर करते."

मी म्हटलं, "थांबा वहिनी."

त्यांना मी सगळं सांगितलं. जांभळा रंग, स्टँपपेपर, कारकुनाचं बोलणं. माझं चार दिवसांचं गप्प राहणंही सांगितलं. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या भिंतीखाली माझा पाय मोडला, ती भिंतच तिथं नको होती, असं म्हणतील की ते."

"म्हणतील."

"आणि लोकांनी सह्या केल्या त्यांना हे माहीत नाही?"

"नाही."

"आज सांगा," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं.

त्याच संध्याकाळी मी विहाराच्या हॉलमध्ये उभी राहून सांगितलं. आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तसा गलका झाला. एक जण ओरडला, "आधी सह्या घेतल्या आणि आता सांगता?" एका बाईंनी तिथंच रडायला सुरुवात केली, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरचा मजला निम्मा झाला होता. काही जणांना हे माहीत होतं. आमच्या ह्यांच्यासारखेच ते खाली बघत बसले होते. मास्तरांनी सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, अर्ज सोडून द्यायचा का. सतरा जणांनी आपल्या सह्या खोडल्या. हे मागच्या रांगेतून उठले. मला वाटलं तेही खोडणार. ते टेबलापाशी आले, धाप लागली होती, आणि म्हणाले, "जागा रहिवासी करून मागायची तर आपलीही मागू. गिरणीचीच नाही, आपल्या घरांचीही. लपून किती दिवस राहायचं?" मग ते परत जागेवर जाऊन बसले. त्या रात्री घरी जेवायला आम्ही एकत्र बसलो.

अण्णा बैठकीला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच आमच्या दारात आले, आत मात्र येईनात. "ताई, एक सांगा. बोळ पिवळा झाला तर माझे माग?"

मी ऐकीव तेच सांगितलं. "छोटे घरगुती माग चालतात म्हणे. चौकशी करावी लागेल."

"म्हणे," अण्णा म्हणाले. "माझी बायको अंथरुणावर आहे, मला ट्रक नकोत. पण माग गेले तर मी काय करू? या वयात दुसऱ्याच्या मागावर जाऊ?" त्यांनी सही केली नाही. वहिनींनी केली. एका घरात दोन मतं, आणि मधे प्लॅस्टरमधला पाय. त्या महिन्यात त्यांच्या घरात पाऊल टाकायला मला संकोच वाटायचा.

घरांची मागणी घालून अर्ज दिला. बातमी गोदामाकडं पोचली. मालक एका दुपारी स्वतः आमच्याकडं आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं. पाणी घेतलं, ह्यांच्या तब्येतीची विचारपूस केली. वहिनींच्या दवाखान्याचं बघतो म्हणाले. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "ताई, तुम्ही नकाशा बाहेर काढायला लावलात. नकाशा निघाला की सगळ्यांचाच निघतो."

त्यानंतर आठवडाभर दाराची कडी वाजली की मी आधी खिडकीच्या फटीतून बघायची. कुणी नोटीस घेऊन आलंय असं वाटायचं. एकदा खरोखरच एक माणूस हातात कागद घेऊन आला आणि मी दार अर्धंच उघडलं. तो गॅसचं पुस्तक तपासायला आला होता.

आणखी एक दिवस मुकादम आला. ज्यानं वहिनींना विटांखालून काढलं, तोच. दुधनीकडचा माणूस, घरात कानडी बोलणारा, मला अक्का म्हणायचा. मी त्याला खुर्ची दिली, पण कपड्यांना सिमेंट आहे म्हणून तो उंबऱ्यावरच बसला.

"अक्का, तुमी शिकल्याली माणसं. मला येवढंच सांगा. गोदाम गेलं तर आमी कुटं जायचं?"

"बायपासला होईल की गोदाम. काम तिथं असेल."

"असंल. पर आमी हितं राहतो. पायी येतो. तितं जायाला गाडी कुटली? अठरा मानसं हायत माज्या टोळीत." त्यानं मनगटावरचं सिमेंट झटकलं. "तुमचं चुकतंय असं मी म्हणत न्हाय. त्या बाईचा पाय मी डोळ्यानं बगितलाय. पर तुमच्या कागदात आमचं बी कायतरी लिवा की."

लिहीन असं मी म्हणाले. पण अर्ज आधीच देऊन झाला होता.

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात होती. आमचा नंबर यायला दुपार झाली. समोर समितीचे चार-पाच लोक, मधे नगररचनेचे साहेब. आमच्या बाजूनं मी आणि मास्तर बोलणार होतो. हे आलेच, इनहेलर खिशात घालून. वहिनी कुबडीवर आल्या, सगळे नको म्हणत असताना. अण्णा त्यांना सोडायला आले आणि दाराजवळ उभे राहिले.

माझा नकाशा टेबलावर पसरला. नकाशावर बोट ठेवल्यावर माझा आवाज ठीक झाला. बोळाची रुंदी, ट्रकची रुंदी, मधे उरणारी जागा मी दाखवली. भिंत कुठं पडली तेही दाखवलं. साहेब वाकून बघत होते.

मालकांचे वकील उठले. अपेक्षेप्रमाणेच त्यांनी सुरुवात केली. "नकाशा उत्तम आहे. पण बाईंनी यात रंग का दिला नाही? मी सांगतो. कारण ही चाळीस घरं औद्योगिक जागेत बेकायदा आहेत. जे स्वतः बेकायदा आहेत ते कायदेशीर व्यवसाय हलवा म्हणतात."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "साहेब, ते खरं बोलतायत. म्हणूनच अर्जात दोन मागण्या आहेत. आम्ही आमच्या घरांचंही लपवलेलं नाही. घरं आहेत, त्यात माणसं राहतात, घरपट्टीच्या पावत्या आहेत. नकाशात आम्हाला दाखवा, एवढंच मागणं आहे."

मग वकिलांनी मुकादमाला पुढं आणलं. हमालांची रोजीरोटी जाईल हे त्यानं सांगावं, यासाठी. मुकादमानं टोपी काढली आणि ते सांगितलं. सगळं खरंच सांगितलं, अठरा घरांची गोष्ट. वकील बसायला लागले तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होता का तिथं?"

मालक पहिल्या रांगेत बसले होते. मुकादमानं त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"व्हय साहेब. मीच काडली बाईला भितीखालनं."

"रस्ता ट्रकला पुरतो?"

त्याला गप्प राहता आलं असतं. सगळं त्या एका वाक्यावर अडलंय असं मला वाटलं.

"न्हाय पुरत," तो म्हणाला. "त्यो रस्ताच न्हाय साहेब, बोळ हाय. रोज गाडी आत घिऊन येतो तवा आमच्याच जिवात जीव नसतो. गोदाम हलवायचं तर हलवा. पर आमाला बी संगं न्या, येवढंच."

मालकांनी मान खाली घातली. आणि मागून दाराजवळून अण्णांचा आवाज आला. ते बोलायला पुढं आले नव्हते, तिथूनच बोलले. "साहेब, माझे माग आहेत. बोळ पिवळा करा, पण माग राहू द्या. मी लिहून देतो वेगळं." साहेबांनी त्यांना लेखी द्यायला सांगितलं. अण्णांनी तिथंच कागद मागितला. त्यांना लिहायला माझं पेन मीच दिलं.

निकाल लागायला सव्वा वर्ष गेलं. त्या काळात ट्रक येतच होते, फक्त हळू यायचे. मुकादमाला मालकांनी दोन महिने कामावर येऊ दिलं नाही, मग माणसं मिळेनात म्हणून परत बोलावलं. ते दोन महिने त्याच्या घरात काय झालं असेल, ते मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेवटी मंजूर नकाशा लागला तेव्हा हे आणि मी दोघं बघायला गेलो. आमचा बोळ पिवळा झाला होता. गिरणीची बोळाकडची निम्मी जागाही पिवळी झाली होती. मागच्या रस्त्याकडची निम्मी जागा जांभळीच राहिली, पण तिचं फाटक मागच्याच रस्त्यावर काढायचं अशी अट होती. घरं लगेच कायदेशीर झाली असं नाही. अर्ज, मोजणी, फायली, ते अजून चालू आहे. बैठकीत रडलेल्या बाईंच्या मुलाचं लग्न झालं, वरचा मजला मात्र तसाच आहे. अण्णांच्या मागांना परवानगी मिळाली, ठरावीक वेळेपुरती. बोळाच्या तोंडाशी लोखंडी कमान लागली, तिच्याखालून टेम्पो जातो, ट्रक जात नाही. वहिनींचा पाय थोडा आखूड राहिला. त्यांनी भिंत पुन्हा बांधली नाही, तिथं नुसती जाळी लावली आहे.

मालकांनी सिमेंटचं काम बायपासला हलवलं. गेल्या महिन्यात आम्ही दोघं स्कूटरवर त्या बाजूला गेलो होतो, ह्यांच्या एका जुन्या सोबत्याला भेटायला. गोदाम दिसलं तसं मी थांबायला सांगितलं. मुकादम बाहेर चहाच्या टपरीवर बसला होता. मला बघून उठला.

"किती जण आलात?" मी विचारलं.

"अकरा. बाकीची गेली कुटं कुटं. दोगं पुण्याला गेली." तो सहा आसनी रिक्षानं येतो म्हणाला, दोन रिक्षा बदलून. घरी पोचायला अंधार पडतो. त्यात तक्रार नव्हती. त्यानं टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

चहा पिताना मला गोदामाच्या कंपाउंडपलीकडची जमीन दिसली. नांगरट बंद झालेली, फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी चौकोन पाडलेले. एका चौकोनात एक तरुण नवरा-बायको उभे होते. नवरा पावलं टाकून जागा मोजत होता, बायको पिशवी घेऊन उन्हात उभी होती.

मी उठून त्यांच्याकडं गेले. ह्यांनी मागून हाक मारली, "अगं, कशाला?" मी थांबले नाही. त्या मुलीला म्हणाले, "जागा घेण्याआधी नगररचनेत जाऊन नकाशा बघा. ही कुठल्या रंगात आहे ते बघा."

नवऱ्याला ते आवडलं नाही. "आम्ही चौकशी केलीय मावशी," तो म्हणाला. "पुढं रहिवासी होणार आहे."

"कोण म्हणालं?"

तो परत पावलं मोजायला लागला. मुलगी मात्र माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, "ते ऑफिस शनिवारी उघडं असतं का? मला मधल्या वारी सुट्टी मिळत नाही."

मी सोमवारी चौकशी करून सांगते म्हणाले आणि तिचा नंबर हातावरच लिहून घेतला.